'कॅरेक्टर ॲक्ट्रेस'ला मराठीत काय म्हणाल? (चरित्र अभिनेत्री सोडून)

पाटीपेन्सिल:
मंडळी, अडलेय. दिवाळी अंकासाठी मेरी ड्रेसलरवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि पहिल्याच वाक्यात गाडी रुतली. बाई कॅनडातल्या कोबर्गची, जन्म 1868, खरं नाव लीला मेरी कर्बर. आधी व्हॉडव्हिल (तिकडचे रंगमंचावरचे फुटकळ करमणुकीचे खेळ) आणि ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांत, लोकांना हसवून हसवून बेजार केलं, मग पार साठी आल्यावर हॉलिवूडमध्ये कॅरेक्टर ॲक्ट्रेस म्हणून गाजली, म्हणजे देखणी नायिका सोडून बाकीची ठसठशीत पात्रं करणारी. मी लिहिलं "तमाशातली विनोदी नटी, पुढे चरित्र अभिनेत्री". संपादकबाईंनी दोन्हीवर लाल रेघ मारली आणि समासात एवढंच, "कोणाचं चरित्र?" आता सांगा काय लिहू.

अर्धाचहा:
बाई बरोबर आहेत तुमच्या. ते चरित्र हिंदीतलं, तिकडे चरित्र म्हणजे पात्र. आपल्याकडे चरित्र म्हणजे टिळकांचं असतं, जाडजूड, आणि चारित्र्य म्हणजे पासपोर्टच्या वेळी पोलीस बघायला येतात ते. मधलं काही नाही.

उकडीचामोदक:
लीलाचं चरित्र म्हणजे लीळाचरित्रच की हो 😀

अर्धाचहा:
हसू नका, तिथेही चरित्र म्हणजे केलेल्या गोष्टी, वागणं. पात्र नव्हेच.

घाटपायथा:
कशाला एवढा सोवळेपणा? ललिता पवारांना चरित्र अभिनेत्री म्हणतातच की सर्रास, कुणाला कळत नाही असं झालंय का? शब्द रुळला की रुळला. शुद्ध शब्द शोधत बसलात तर तुमचा अंक पाडव्याऐवजी होळीला निघेल.

थंडगारओटा:
सुचवतो, 'व्यक्तिरेखा-अभिनेत्री'. किंवा 'स्वभावनटी'.

घाटपायथा:
स्वभावनटी म्हणजे जिला नखरे करायचा स्वभाव आहे ती 🙏

उकडीचामोदक:
आमची आजी असले शब्द वापरायचीच नाही. ललिता पवार म्हणजे "ती गं, सासूचं काम करते ती". आमच्या गावात अजूनही अभिनय कुणी करत नाही, काम करतात. "औंदा शंकासुराचं काम कुणाकडे?" असंच विचारतात. मला वाटतं मराठीत हाच खरा शब्द आहे, जिचं जे काम ते सांगायचं. श्री 420 मधली केळेवाली म्हणा, लगेच बाई डोळ्यासमोर येते.

पाटीपेन्सिल:
आवडलं, पण ड्रेसलरचं काम काय लिहू? मिन अँड बिलमध्ये बंदरावरच्या लॉजची मालकीण, ॲना ख्रिस्टीमध्ये ग्रेटा गार्बोसमोर दारू ढोसणारी म्हातारी, टगबोट ॲनीमध्ये बोटीवरची कप्तानीण, डिनर ॲट एटमध्ये उतरणीला लागलेली जुनी नटी. एका वाक्यात बसवू कसं?
आणि व्हॉडव्हिलचं राहिलंच.

अर्धाचहा:
तमाशा तर नाहीच नाही. तमाशाला क्रम आहे, गण, गवळण, बतावणी, शेवटी वग. व्हॉडव्हिलमध्ये एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो, एक चेंडू झेलणारा येऊन गेला की कुत्र्यांच्या कसरती, मग कुणी गाणारी, मग जादूगार, मग जाडी बाई येऊन स्वतःच्याच जाडीवर विनोद करणार. गोष्ट नाही, धागा नाही. ह्याला शब्द तुम्ही शाळेतच शिकलायत, विविध गुणदर्शन.

घाटपायथा:
😂😂 "विविध गुणदर्शनातली विनोदी नटी". आमच्या गॅदरिंगला मुख्याध्यापकच विंगेत उभे असायचे, विनोद जरा लांबला की पडदा पाडायचे.

थंडगारओटा:
व्हॉडव्हिलची व्युत्पत्ती फ्रेंच. कुणी म्हणतं नॉर्मंडीतल्या वीर नदीच्या खोऱ्यातल्या गाण्यांवरून, कुणी म्हणतं 'शहराचा आवाज' असा मूळ अर्थ. मला मात्र राहून राहून वाटतं की आपला वग आणि त्यांचा व्हॉड ह्यांच्यात काहीतरी

अर्धाचहा:
नाही.

थंडगारओटा:
पूर्ण तर बोलू द्या! बरं राहू दे. पण निदान सोंगाड्याचं स्त्रीलिंग सांगा, ते तर लागेलच. सोंगाडीण चालेल?

उकडीचामोदक:
फडावर ऐकलेलं नाही. मावशीसुद्धा पुरुषच करतो ना तिथे. पण आमच्या आत्याला घरात सगळे सोंगाडीणच म्हणायचे, लग्नात व्याह्यांची नक्कल व्याह्यांच्याच पुढ्यात करायची. एकदा खरे व्याही मागे उभे होते आणि ही अगदी त्यांच्यासारखा घसा खाकरून पान मागतेय. त्यांनी मुकाट्यानं पानाचं ताट पुढे केलं.

वळचणीचापाऊस:
उशिरा येतोय. मला खटकतंय ते वेगळंच. कॅरेक्टर ॲक्ट्रेसला तुम्ही जो कोणता शब्द द्याल त्याला 'दुय्यम'चा वास येणार, सहायक, चरित्र, काहीही म्हणा. ह्या बाईचा हिशेब बघा. 1914 मध्ये टिलीज पंक्चर्ड रोमान्समध्ये नाव मोठं हिचं आणि चार्ली चॅप्लिन हिच्या जोडीला. 1919 च्या नटांच्या संपात कोरसमध्ये घोळक्यानं नाचगाणी करणाऱ्या पोरींच्या संघटनेची पहिली अध्यक्ष हीच. विसाच्या दशकात कामं आटली, तेव्हा फ्रान्सिस मॅरियन ह्या पटकथालेखिकेनं हिच्यासाठी भूमिका लिहून परत आणली. मिन अँड बिलसाठी ऑस्कर मिळालं 10 नोव्हेंबर 1931 ला, त्रेसष्टावा वाढदिवस आदल्याच दिवशी झालेला, आणि ते सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं, सहायक नव्हे. 1932 आणि 1933 ला थिएटरवाल्यांच्या मतदानात गल्ला भरणाऱ्यांत पहिला नंबर, सगळ्या देखण्या पोरापोरींना मागे टाकून. 1934 ला कॅन्सरनं गेली. मग नायिका का नाही लिहायचं?

घाटपायथा:
नायिका म्हटलं की वाचक झाडामागून पळणारी शोधणार.

वळचणीचापाऊस:
शोधू द्या. मिन अँड बिलचा शेवट बघा. जिला लेकीसारखं वाढवलं ती लग्न करून बोटीनं निघालीये, तिच्या सुखासाठी हिनं नुकताच एक खून केलाय, गर्दीत उभी राहून बघतेय, पोलीस येऊन धरतात आणि बाईच्या चेहऱ्यावर समाधान. ह्याला दुय्यम म्हणायचं तर मुख्य कशाला म्हणायचं?

पाटीपेन्सिल:
पटतंय. आणखी एक अडलंय, डिनर ॲट एटच्या शेवटी जीन हार्लो ही नटी ड्रेसलरला म्हणते की परवा मी एक पुस्तक वाचत होते, आणि ही चालता चालता अशी थबकते की अख्खं धूड गदागदा हलतं. लेखात ह्याला 'डबल टेक' म्हटलंय, म्हणजे ऐकलेलं क्षणभरानं डोक्यात शिरून एकदम चमकणं. मराठीत?

उकडीचामोदक:
चपापली.

अर्धाचहा:
चपापणं चोरी पकडल्यावर. इथे थक्क झालीये. 'दचकली'.

थंडगारओटा:
दचकायला आवाज लागतो. आमच्याकडे 'भुवई ठेचकाळली' म्हणतात.

घाटपायथा:
तुमच्याकडे म्हणजे नक्की कुठे? मला तर आत्ताच बनवल्यासारखं वाटतंय. ठेचकाळायला पायच लागतो.

पाटीपेन्सिल:
अहो, ते चरित्र अभिनेत्रीचं काय ठरलं? उद्या फायनल जायचंय. संपादकबाईंनी तोवर 'ज्येष्ठ अभिनेत्री' करून ठेवलंय.

थंडगारओटा:
घाटपायथा, जीभसुद्धा ठेचकाळते. पायच लागतो हे कुठल्या कोशात आहे ते दाखवा.