टायपिंगचा स्पीड: किती, कशावर मोजला आणि कशानं वाढला?

लिपिक-टंकलेखकाची जाहिरात निघाली की जालन्यापासून लातूर-नांदेडपर्यंत टायपिंगचे क्लास पुन्हा भरतात. मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट ही अट सगळ्यांना पाठ असते. पण स्पीड मोजायचा कसा आणि तो बावीस-पंचविसावर अडून बसला की पुढं सरकवायचा कसा, यावर क्लासात फारसं बोलणं होत नाही. म्हणून हा धागा. आपापला अनुभव लिहा. विनंती एवढीच की नुसता आकडा टाकून जाऊ नका. उतारा किती मिनिटांचा होता, कीबोर्ड रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट की फोनेटिक (कळांवर मराठी अक्षरं मांडायच्या या तीन पद्धती), आणि चुका किती, हेही सांगा. एका मिनिटातला 55 आणि दहा मिनिटांच्या उताऱ्यातला 38 यांत मी तरी दुसऱ्यालाच मोठा मानतो.

हिशोब माहीत नसेल त्यांच्यासाठी: पाच कळांचा एक शब्द धरतात, स्पेससुद्धा त्यात आली. दहा मिनिटांत 2000 कळा पडल्या तर 400 शब्द झाले, म्हणजे 40 चा स्पीड. त्यात 20 शब्द चुकले आणि तेवढेच वजा केले तर उरला 38. कर्मचारी निवड आयोग इंग्रजीला 35 शब्द मागतो आणि तेच तासाला 10500 कळा असंही लिहितो. भागून बघा, बरोबर जुळतं. चूक कशाला म्हणायचं आणि तिचे किती कापायचे, हे मात्र परीक्षेगणिक बदलतं. काही ठिकाणी बॅकस्पेसच बंद असतो. त्यामुळे जाहिरातीतला तो परिच्छेद सोडून देऊ नका.

परभणी, लिपिक
मी टाइपरायटरवर शिकलेली. पहिला धडा सगळ्यांना आठवत असेल: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. मराठीच्या मशीनवर याच कळांवर डावीकडे अनुस्वार, मात्रा, क, ऱ्हस्व वेलांटी, ह आणि उजवीकडे य, स, काना, र, दीर्घ वेलांटी. पान भरेस्तोवर तेच. पान झालं की सर ते काढून खिडकीच्या उजेडात धरायचे आणि फिकं अक्षर दाखवून म्हणायचे, "करंगळी झोपली का गं?" कारण करंगळीचा जोर कमी पडला की अक्षर पुसटच उमटायचं. क, र ठसठशीत आणि य, अनुस्वार मेल्यासारखे. कोणतं बोट कामचुकार आहे ते कागदच सांगायचा.

2017 मध्ये मशीनवरची परीक्षा संपली, आता सगळं संगणकावर. हलकं दाबा की आपटा, अक्षर सारखंच. सोय झाली खरी, पण बोटांची खोड आता दिसत नाही, शोधावी लागते. माझ्या हाताखाली नवीन पोरं येतात त्यांना मी एकच करायला लावते: रोजच्या उताऱ्यातल्या चुका लाल पेनानं खुणवायच्या आणि चूक कोणत्या बोटाची ते शेजारी लिहायचं. दोन-तीन उताऱ्यांतच गुन्हेगार सापडतो. बहुतेक वेळा उजवी करंगळी.

लातूर, परीक्षेची तयारी चालू
औसा रोडला खोली करून राहायलोय. मंकीटाइप या स्पीड मोजायच्या साइटवर माझा इंग्रजीचा 60 यायचा, रूममेट लई कौतुक करायचे. क्लासात सरांनी दहा मिनिटांचा उतारा दिला तर आला 31! कामून ते नंतर कळलं. त्या साइटवर काही बदललं नाही तर नेहमीचे छोटे छोटे शब्द येतात, कॅपिटल नाही, स्वल्पविराम नाही, आकडे नाहीत, आणि वेळ फक्त तीस सेकंद. उताऱ्यात तारीख आली, कंस आला, अवतरणचिन्ह आलं की बोटं गारठतात. आता विरामचिन्हं आणि आकडे चालू करून सराव करायलोय. साइटवरचा आकडा 44 वर आला, पण उतारा 39 ला गेला. मला उताऱ्याचाच पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर, डीटीपी (संगणकावर मजकूर जुळवणी)
वर्तमानपत्राच्या कामात उभा जन्म गेला. कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांवर रेमिंग्टन मांडणीनं हात चालायचा, ऑफिसात माझ्याशी पैज लावायला कोणी येत नसे. मग सगळं युनिकोडवर (कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी अक्षरं) आलं आणि मी इनस्क्रिप्ट शिकायचं ठरवलं. ज्यांना हा बदल करायचाय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण "सोपं आहे" म्हणणाऱ्यांनी बहुतेक रेमिंग्टन कधी शिकलेलंच नसतं.

रेमिंग्टनमध्ये जसं दिसतं तसं मारायचं. 'किती' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. 'अर्ज' लिहायचा तर अ, ज आणि शेवटी डोक्यावर रफार. इनस्क्रिप्टमध्ये जसं बोलतो तसं मारायचं. आधी क, मग वेलांटी. अ, मग र, हलंत (पाय मोडायची खूण), ज. म्हणजे नुसत्या कळांच्या जागा बदलत नाहीत, हाताला लागलेला क्रमच उलटतो. डोकं 'र' म्हणतंय आणि बोट आधीच 'ज'वर गेलेलं, असं बरेच दिवस चाललं. त्या काळात स्पीड इतका पडला की तातडीची बातमी आली की मी गुपचूप जुन्या फॉन्टवर मारून कन्व्हर्टरमधून काढायचो.

पण मांडणी कळली की ती डोक्यात बसते. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क वर शिफ्ट दाबला की ख, ग वर घ, त वर थ. मराठीत व्यंजनामागून पुष्कळदा काना-मात्रा येते, त्यामुळे उजवा-डावा, उजवा-डावा असा हात आपोआप बदलत राहतो. अडतं ते जोडाक्षरांना. आमच्याकडे रोजच्या बातमीत हमखास येणारा शब्द 'शेतकऱ्यांच्या'. श, मात्रा, त, क, ऱ, हलंत, य, काना, अनुस्वार, च, हलंत, य, काना. तेरा कळा, त्यातल्या श आणि ऱ ला शिफ्ट. साधा र मारला तर 'शेतकर्यांच्या' होऊन रफार वर चढतो आणि संपादक ओरडतो. ऱ हा शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'च्या कळीवर आहे, हे कोणी सांगत नाही.

मी उतारे मारणं काही काळ थांबवलं आणि अडणाऱ्या जोडांची यादी केली: ऱ्या, ष्ट्र, द्ध, र्थ्य, त्त्व. त्यांचेच शब्द ओळीनं मारायचे. राष्ट्र, महाराष्ट्र, सौराष्ट्र. तत्त्व, महत्त्व, सत्त्व. कंटाळवाणं आहे, पण स्पीड वाढला तो इथूनच. 'आणि', 'आहे', 'होते' तर सगळ्यांनाच पटापट येतात, आणि लोक नेमका त्यांचाच सराव करत बसतात.

जालना
वरच्या डीटीपी काकांच्या यादीवरून एक मोजून पाहिलं. 'विद्यार्थ्यांसाठी' हा कागदावर एक शब्द. इनस्क्रिप्टवर एकेक कळ मोजली तर सतरा. म्हणजे पाचाच्या हिशोबानं जवळपास साडेतीन शब्द झाले की! मराठीला 30 आणि इंग्रजीला 40 का, हे कोडं बऱ्यापैकी सुटलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "माझी मराठी कच्ची" म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

(धागाकर्ता: अगदी. आणि कोणी 'मराठीत 30' म्हटलं की शब्द पाच कळांचा धरला की कागदावरचा, हे विचारत जा.)

गेवराई, सेवा केंद्र
आमच्याकडं स्पीड कोण मोजतंय! जुलैत पीक विम्याची मुदत जवळ आली की दारात चपलांचा ढीग. तिथं शब्द कमी आणि आकडे जास्त. आधारचे बारा, मोबाईलचे दहा, खाते क्रमांक, गट नंबर. वरच्या ओळीतले आकडे मारणारा दिवसभर मागंच राहतो. नंबर पॅड शिका. पाचावर उंचवटा असतो, मधलं बोट तिथं ठेवा, 4 आणि 6 शेजारच्या बोटांना, शून्य अंगठ्याला. बघायची गरजच पडत नाही. लॅपटॉप असेल तर वेगळा नंबर पॅड मिळतो, तो घ्या. आणि एक, बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचवं अक्षर शून्य असतं, ओ नव्हे. तिथं सावकाश मारा, नाहीतर सगळा फॉर्म परत, आणि सर्व्हर तोवर झोपलेला.

नांदेड, लघुलेखक
कोर्टात काम करतो. दोनच गोष्टी सांगतो. एक, ऐकून मारताना कान बोटांच्या चार-पाच शब्द पुढं ठेवायचा. शब्द ऐकला की लगेच मारला असं केलं तर हात झटके खात चालतो आणि चुका वाढतात. दुसरं, गावांची आणि माणसांची नावं. साक्षीत ती पुन्हा पुन्हा येतात, तिथं चुकून चालत नाही. मी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांतली नावं नुसती चार वेळा मारून ठेवतो.

हिंगोली
मला तर कीबोर्डकडं बघायची सवयच जाईना. शेवटी मैत्रिणीनं हातांवर दस्ती टाकली आणि म्हणली, मार आता. पहिल्यांदा स्पीड निम्म्यावर आला, रडूच आलं. पण एफ आणि जे वरची बारीक उंच रेघ बोटाला तेव्हाच पहिल्यांदा जाणवली. आता तर्जनी तिथं आपोआप जाते. सध्या मराठी 27, दहा मिनिटांचा उतारा, इनस्क्रिप्ट, चुका आठ. एक शंका आहे. क्लासात सगळं आधीच लावलेलं असतं. घरच्या संगणकावर इनस्क्रिप्ट कसं घ्यायचं? माझ्याकडं फोनेटिक येतंय, त्यात इंग्रजी अक्षरं मारली की मराठी उमटतं.

धागाकर्ता
सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर मराठीच्या पर्यायांत जा. तिथं कीबोर्ड जोडताना 'मराठी फोनेटिक' न घेता नुसता 'मराठी' घ्या, तो इनस्क्रिप्टच आहे. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी बदलतं. फोनेटिक सध्या काढूनच टाका, नाहीतर बदलताना दर वेळी मध्ये येईल. आणि आठ चुकांमध्ये एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतंय का ते बघून इथं लिहा, डीटीपी काका आहेतच.