आभासी स्टुडिओ: ट्रॅकरच्या पलीकडचे दोन प्रश्न

आभासी स्टुडिओत निवेदकाभोवती संगणकाने तयार केलेले दृश्य दाखवतात, आणि खरा कॅमेरा हलला की ते दृश्यही तसेच हलावे म्हणून कॅमेऱ्याची जागा व दिशा सांगणारे उपकरण, म्हणजे ट्रॅकर, लागते. त्यासाठी महागड्या ट्रॅकिंग यंत्रणेऐवजी व्हीआर (आभासी वास्तव) खेळांसाठी बनवलेला ट्रॅकर कॅमेऱ्यावर बसवावा, अशी एक सूचना केली जाते, आणि ती मला पटते. परंतु निवेदक आभासी जमिनीवर तरंगताना दिसतो, तेव्हा दोष बहुधा ट्रॅकरचा नसतो.

पहिला प्रश्न वेळेचा आहे. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे सलग दाखवली जाणारी स्थिर चित्रे, असतील, तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची होते, आणि कॅमेऱ्याचे चित्र व त्याच्या स्थितीची माहिती यांच्यात एवढाही फरक राहिला, तरी कॅमेरा वळताना पार्श्वभूमी मागे रेंगाळते किंवा पुढे पळते. बहुतेक वेळा स्थितीची माहिती चित्राच्या आधी पोहोचते, म्हणून चाचणी घेऊन ती तेवढ्या फ्रेम मुद्दाम थांबवून ठेवावी लागते. हे काम सॉफ्टवेअरमध्ये होते, त्याला वेगळा खर्च नाही, आणि तरीही याच्याकडे दुर्लक्ष होते याचे मला खरोखर वाईट वाटते.

दुसरा प्रश्न लेन्सचा. ट्रॅकर स्वतःची जागा सांगतो, पण आभासी कॅमेरा, म्हणजे संगणकातील दृश्य जिथून पाहिले जाते ती जागा, मात्र लेन्समधील ज्या बिंदूतून दृश्य पाहिले जाते तेथे असावा लागतो. हे अंतर मोजून भरावे लागते, आणि झूम केल्यावर तो बिंदूही सरकतो. त्यामुळे सुरुवातीला स्थिर फोकल लांबीची, म्हणजे झूम न होणारी, लेन्स वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रॅकरची माहिती संगणकाला पाठवण्यासाठी बीबीसीच्या संशोधनातून पुढे आलेला फ्री-डी प्रोटोकॉल, म्हणजे अशी माहिती पाठवण्याची ठरलेली पद्धत, निवडावा. आभासी दृश्य तयार करणारे अनरियल इंजिन हे सॉफ्टवेअर तो वाचू शकते, त्यामुळे पुढे ट्रॅकर बदलला तरी उरलेली रचना तशीच राहते.