मदत हवी आहे: कुचल्याच्या शोधनात स्ट्रिकनीनचा हिशेब जुळत नाही, दुधातून ते कसं काढावं?

कुचल्याच्या (काजऱ्याच्या) बियांचं शोधन, म्हणजे विष कमी करण्याची आयुर्वेदिक प्रक्रिया, करताना त्यांतली विषारी अल्कलॉइड स्ट्रिकनीन आणि ब्रुसिन नेमकी जातात कुठे, हे मी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजते आहे. बियांमधलं प्रमाण घटतं हे दाखवणारं काम भरपूर झालं आहे. मला पूर्ण हिशेब हवा आहे. कच्च्या बियांत होतं तेवढं शोधित बिया, गोमूत्र, दूध, तूप आणि काढून टाकलेली साल-जिभली यांत मिळून सापडायला हवं. तसं होत नाही आणि माझा संशय दुधावर आहे.

बिया आधी गोमूत्रात भिजतात, मग धुऊन दोलायंत्रात (पुरचुंडीत बांधून भांड्यात टांगून) गाईच्या दुधात शिजतात. एरवी शिंगासारखी टणक बी तिथून मऊ होऊन निघते, चकचकीत लव असलेली साल नखाने सुटते आणि दोन दलांमधली जिभली चिमट्याने उचलता येते. शेवटी दलांचे काप तुपात परतते.

कॉलम सी-18, 250 × 4.6 मिमी, 5 मायक्रॉन. मोबाइल फेज अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पीएच 3 चा फॉस्फेट बफर, त्यात थोडं ट्रायइथिलअमाइन. ते घातल्यापासून पीकची शेपटी गेली. स्ट्रिकनीन 254 आणि ब्रुसिन 264 नॅनोमीटरवर वाचते. बियांच्या नमुन्यांत दोन्ही पीक स्वच्छ वेगळे येतात, त्यामुळे कॉलमची तक्रार नाही.

दुधात अमोनिया घालून क्लोरोफॉर्मने हलवलं की मधे पांढरा घट्ट थर धरतो, तो काही केल्या फुटत नाही. अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिनं पाडली तर वरचा द्राव नितळ मिळतो, पण कोऱ्या दुधात मुद्दाम घातलेलं स्ट्रिकनीनसुद्धा पूर्ण परत येत नाही. तूप अजून मोजायचं आहे, त्यातून अल्कलॉइड कसं काढावं? आणि जे सापडत नाही ते उष्णतेने आयसोस्ट्रिकनीन किंवा एन-ऑक्साइड (स्ट्रिकनीनचीच बदललेली रूपं) झालं असेल का?

औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये कुपीलु, म्हणजेच कुचला, विषारी द्रव्यांत आहे. शोधनाचं दूध टाकून देताना त्यात किती विष उतरलं आहे, हे माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद 1

संशय योग्य जागी आहे. दुधाचा पीएच 6.6 च्या आसपास, स्ट्रिकनीनचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे अर्धे रेणू भारित असतात तो) 8.2 च्या पुढे. म्हणजे दुधात ते बहुतांशी धनभारित असतं, आणि त्या पीएचला केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) ऋणभारित. प्रथिनं पाडताना साक्याबरोबर अल्कलॉइडही खाली बसत असणार. अ‍ॅसिटोनायट्राइलच्या आधी दूध चांगलं आम्ल करा, पीएच 2 पर्यंत. सेंट्रीफ्यूज करून साका सौम्य आम्लाने पुन्हा धुवा आणि ते धुवण फेकू नका, मूळ द्रावात मिळवा. मग आम्ल द्राव हेक्सेनने हलवून चरबी काढा. त्यानंतरच अमोनिया आणि क्लोरोफॉर्म. प्रथिनं आणि चरबी आधीच गेल्यावर इमल्शन (तो मधला पांढरा थर) फारसं उरत नाही. कॅटायन-एक्स्चेंज कार्ट्रिज (धनभारित रेणू धरून ठेवणारी नळी) मिळत असेल तर क्लोरोफॉर्मचीही गरज नाही.

तुपासाठी हेच तत्त्व: कोमट हेक्सेनमध्ये विरघळवा, सौम्य आम्लाने दोन-तीनदा हलवा. अल्कलॉइड आम्लात येईल, तूप हेक्सेनमध्ये राहील.

आता एक विचारतो. तुलना टक्क्यांत करता की मिलिग्रॅममध्ये? बी दूध-तूप शोषून जड होते, साल काढली की हलकी होते. टक्के दोन्हीकडून फसवतात. ठरावीक वजनाच्या कोरड्या कच्च्या बियांपासून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर एकूण मिलिग्रॅम मांडा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार! साका धुण्याचं सुचलंच नव्हतं, आता तेच आधी करते. हिशेब मिलिग्रॅममध्येच आहे, कोरड्या वजनावर. स्पाइक (कोऱ्या दुधात मुद्दाम घालायचं स्ट्रिकनीन) उकळण्याआधी घालावा की नंतर?

प्रतिसाद 1

दोन्ही. नंतर घातलेला काढण्याची पद्धत तपासतो, आधी घातलेला उकळण्याचा परिणामही दाखवतो. दोन्हींतला फरक महत्त्वाचा.

प्रतिसाद 2

रूपांतराबद्दल थोडं. आयसोस्ट्रिकनीन आणि एन-ऑक्साइड प्रामुख्याने चिनी पद्धतीच्या तापलेल्या वाळूत भाजलेल्या बियांत नोंदले गेले आहेत, तिथलं तापमान दुधाच्या उकळीपेक्षा खूप जास्त असतं. त्यामुळे मी आधी तुपाच्या टप्प्याकडे पाहीन. परतण्याआधीचा आणि नंतरचा काप वेगवेगळा मोजा. एलसी-एमएस (कॉलमनंतर रेणूंचं वस्तुमानही मोजणारं यंत्र) वापरणार असाल तर एक ध्यानात ठेवा: एन-ऑक्साइड 351 या वस्तुमानावर वेगळं दिसेल, पण आयसोस्ट्रिकनीनचं वस्तुमान स्ट्रिकनीनइतकंच, दोन्ही 335 वर. ते कॉलमवरच वेगळं व्हायला हवं, तेव्हा त्याचं स्टँडर्ड मिळवा. ब्रुसिन 395 आणि त्याचं एन-ऑक्साइड 411. आणि स्ट्रिकनीनचं स्टँडर्ड तोलताना हातमोजे, मास्क आणि फ्यूम हूड, तिन्ही.