शॉर्ट फिल्ममधला भाई: बालपण द्यायचं की धंदा?

तिसरी घंटा
आमच्या ग्रुपची पंधरा मिनिटांची गँगस्टर शॉर्ट फिल्म लिहून होत आलीय आणि पात्रांवरून रोज भांडणं चाललीत, म्हणून हा धागा. माझं मत: शॉर्ट फिल्ममधल्या भाईला बालपण देऊ नका. बाप गिरणीत, गिरणी बंद, आई धुणीभांडी करते, पोरगा चॉपर उचलतो... पुरे झालं आता. त्याला धंदा द्या. पैसा कुठून येतो, वर कुणाला पोचवायचा, खाली कोणाकोणाला सांभाळायचं आणि आज रात्री त्याची कशाने फाटलीय, एवढं ठरलं की माणूस उभा राहतो.

आमचा भाई तडीपार आहे. मुंबई आणि ठाणे जिल्ह्यांतून हद्दपार, म्हणून कर्जतला खोली घेऊन राहतो. धाकट्या बहिणीची हळद आहे, घर करी रोडच्या चाळीत. संध्याकाळची लोकल पकडतो. नेरळ, शेलू रायगडात, वांगणी आली की ठाणे जिल्हा सुरू. म्हणजे शेलूपर्यंत साधा पॅसेंजर आणि वांगणीला नुसता बाकावर बसल्या बसल्या गुन्हेगार! शेलू सुटल्यावर तो फोन बंद करतो, खिडकी सोडून आतल्या बाजूला सरकतो. चाळीत पोचल्यावर चपला दाराबाहेर काढत नाही, पिशवीत घालून आत नेतो, कारण कुठली चप्पल कुणाची हे अख्ख्या मजल्याला पाठ असतं. आता यात त्याचा बाप काय करत होता हे सांगायची गरज कुठे आहे?

चिंचपोकळीकर
साफ असहमत. करी रोडची चाळ म्हणालात, म्हणजे गिरणगाव, तिथेच बाप आला आणि आजाही आला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कित्येकांना पुन्हा काम मिळालं नाही. त्यांची पोरं व्यायामशाळेत, मंडळात, नाक्यावर होती आणि टोळ्यांनी ती तिथूनच उचलली. आज गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर आहेत. तुमचा भाई पस्तिशीचा धरला तर त्याच्या वाट्याचा धंदा कोणता? पुनर्विकासाला सही न देणाऱ्या भाडेकरूंना 'समजावणं'. तो धंदा आकाशातून पडला का? गिरणी काढून टाकलीत तर तुमचा भाई कुठल्याही शहरातला होईल.

तिसरी घंटा
सह्यांचं काम घेतो, कारण तो धंदा आहे. बाकीचं नाही. गँगस्टर मन्या सुर्वेला वडाळ्याला पोलिसांनी मारलं ती तारीख ११ जानेवारी १९८२, म्हणजे संपाच्या आठवडाभर आधी. आणि तो कीर्ती कॉलेजात शिकलेला. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन यांचा जमाना तर त्याच्याही आधीचा. तस्करी होती, हातभट्टीची दारू होती, त्यासाठी गिरणी बंद पडावी लागली नाही. गरिबीतून गुन्हा हे समीकरण लिहायला सोपं पडतं, बाकी काही नाही. त्या अडीच लाख घरांतल्या बहुतेक पोरांनी रिक्षा चालवल्या, वॉचमनच्या नोकऱ्या केल्या. त्यांच्यावर कोण फिल्म काढतंय?

चिंचपोकळीकर
तुम्ही सगळी डॉन लोकांची नावं घेतलीत. मी पंटरबद्दल, म्हणजे टोळीतल्या हरकाम्या पोराबद्दल बोलत होतो. डॉनला संप लागत नाही, पण त्याच्यासाठी घोडा (पिस्तूल) घेऊन धावणाऱ्या पोराला लागतो. तुमचा तडीपार तर पंटरच आहे, त्याला उगाच भाई म्हणताय.

कापडचोपड
दोघंही कॅमेरा विसरलात. मी शॉर्ट फिल्म्सची वेशभूषा करते, म्हणून मध्ये तोंड घालते. चाळीची गॅलरी, रात्र, एक ट्यूबलाइट, भाड्याचे दोन एलईडी. एका मिनिटात कोण कोण आहे ते कळलं नाही तर प्रेक्षक मोबाइल काढतो. सोनसाखळी, दाढी, पांढरे कपडे यांना सगळे नाकं मुरडतात, पण हे सगळं सिनेमावाल्यांनी शोधलेलं नाही. हाजी मस्तान पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वावरायचा. अरुण गवळी सदरा आणि पांढरी टोपी घालून २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदार झाला. ही माणसं स्वतःचं पात्र स्वतःच डिझाइन करत होती. तुम्ही वास्तवाच्या नावाखाली त्याला मळका टीशर्ट घालणार, पण खऱ्या भाईला तो चालला नसता.

माझ्यावर सोपवलंत तर मी काय करेन सांगते. तो प्रवासाच्या शर्टात येतो. घरात सगळे पिवळ्यात. आई कपाटातून त्याचा सणाचा कुर्ता काढते, घड्या मोडलेल्या नाहीत. कर्जतला बसून खाऊन पोट सुटलंय, मधलं बटण लागत नाही. साखळी मोठी आहे पण बेन्टेक्सची, मानेवर घामाने हिरवट रेघ उमटलीय. खरी गहाण पडलीय हे कुणी बोलायला नको. तुमचा धंदाही आला आणि चिंचपोकळीकरांची गरिबीही.

पंक्चर
ताई, फिल्म तुम्हीच करा. या दोघांना भांडू द्या.

काळा कोट
तडीपारीचा वापर झकास, पण अर्धाच केलात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५६. हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. ती कशाच्या जोरावर होते ते बघा: साक्षीदार जिवाच्या आणि मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, हेच तिथलं एक कारण असतं. मग पोलीस गोपनीय जबाब घेतात. भाईला नोटीस मिळते त्यात आरोपांचं साधारण स्वरूप असतं, जबाब देणाऱ्याचं नाव नसतं. म्हणजे तुमच्या हळदीला जमलेल्यांपैकी दोनतीन जणांनी त्याच्याविरुद्ध तोंड उघडलेलं असू शकतं आणि कुणी ते त्याला ठाऊक नाही. तुम्ही भाईच्या चपला डिझाइन करत बसलात. खरं पात्र त्याच्या गालाला हळद लावणारा शेजारी आहे.

किराणा भुसार
वकीलसाहेबांना +१. माझं दुकान आहे म्हणून बोलतो. प्रत्येक गँगस्टर फिल्ममधला दुकानदार हात जोडून घाम पुसत उभा असतो. अहो, हप्ता मागणारा पोरगा माझं गिऱ्हाईकसुद्धा असतो! त्याच्या आईची उधारी माझ्या वहीत असते. तो 'देना पडेगा' असं हिंदीत दरडावत येत नाही, उत्सवाचं पावतीपुस्तक घेऊन येतो आणि काका म्हणतो. पाच हजारांपासून सुरू होतो, मी अकराशेवर आणतो, दोघंही हसतो. भीती असतेच, पण ती हिशेबात मुरलेली असते. हे पात्र कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

आणि धागाकर्त्यांना एक विचारतो. गिरणी नको म्हणालात, मग बहिणीची हळद कशाला आणलीत? रडायची सोय फक्त बदललीत. भाईला घरची माया दाखवली की प्रेक्षक त्याच्या बाजूने झुकतो आणि ज्यांना त्याने खोली खाली करायला लावली ती माणसं फिल्मच्या बाहेरच राहतात.

तिसरी घंटा
झुकू दे की. पंधरा मिनिटं ज्याच्या मागे जायचं त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही तर ती बातमी झाली, फिल्म नाही. हळद मी काढणार नाही. तिथे तो पकडला जाऊ शकतो आणि तरी जातो, त्याच्याबद्दल मला एवढंच सांगायचंय. भाडेकरू, साक्षीदार, दुकानदार सगळे घेतले तर वेबसिरीज करावी लागेल.

किराणा भुसार
सगळे नका घेऊ. हळदीचा किराणा कुणाच्या दुकानातून आला एवढं ठरवा. उधारीवर आला असणार. तो दुकानदार जेवायला येणारच, त्याला एक संवाद द्या.

तिसरी घंटा
देतो. पण त्याने जबाब दिला होता की नाही ते प्रेक्षकाला कळू देणार नाही.

काळा कोट
उलट करा. प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटाला सांगून टाका, भाईला शेवटपर्यंत कळू देऊ नका.

तिसरी घंटा
मग फिल्म दुकानदाराची होते.

किराणा भुसार
होऊ द्या. किराणा त्याचाच आहे.