मदत हवी आहे : ठिबकच्या कंट्रोलरमधला जळालेला पार्ट ओळखायचाय

मंडळी, तासगावजवळ आमच्या द्राक्षबागेत ठिबकचा कंट्रोलर आहे, सिंगल फेज २३० व्होल्टवाला. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि बंदच पडला. उघडलं तर काचेचा फ्यूज काळाकुट्ट, शेजारची निळी चकती अर्धी फुटलेली. तिच्यावर फक्त ‘४७१’ वाचता येतंय, बोर्डवर ‘आरव्ही१’ छापलंय.

एक पाय फ्यूजनंतरच्या ट्रॅकला, दुसरा न्यूट्रलला. एनटीसी (चालू करतानाचा करंटचा झटका आवरणारी चकती) सिरीजमध्ये असते, त्यामुळे ही एमओव्हीच (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारी चकती), असं माझं मत. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट, इथवर ठीक. पण साइझ? कोटिंग धरून साधारण १२ मिमी भरते, म्हणजे १०डी (आतली चकती १० मिमीची) वाटते. पायांतलं अंतर साडेसात मिमी, तिथे १४डी पण बसेल. मोठी टाकली तर काही अडचण?

वायरमन म्हणतो, चकती काढून टाका, नुसता फ्यूज बदला. चालेलही हो, पण पुढच्या कडकडाटाला काय?

ब्रिज (एसीचं डीसी करणारा पार्ट) मीटरवर शॉर्ट दाखवत नाही. सप्लाय देण्याआधी आणखी काय तपासू? सिरीज बल्ब लावून देणारच आहे, म्हणजे शॉर्ट असलाच तर करंट बल्बवर अडेल. आणि सांगली-मिरजेत हे सुटं कुठे मिळेल, की पुण्याची तपकीर गल्लीच गाठावी? खरड छाटणी झालीय, पाणी जास्त दिवस हाताने सोडणं जमणार नाही.