दिवाळीच्या सुट्टीत क्रीट बेट: काय बघावं, काय गाळावं?

पारिजातक_ठाणे

नमस्कार मंडळी. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि लेकीची (सातवी) सुट्टी त्याच्याच आगेमागे. एक वर्ष फराळ-पाहुण्यांतून रजा घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचं मनात आहे. आम्ही चौघं: मी, नवरा, लेक आणि साबा (सासूबाई, ६८, शाकाहारी, अंडंही नाही, सपाटीवर भरपूर चालतात पण चढउतार नको). हातात ८ रात्री.

बेत असा: इराक्लिओला उतरून क्नोसोस (प्राचीन राजवाड्याचे अवशेष), मग बोटीने सँतोरिनीला २ रात्री, परत येऊन हानिया, समारिया घळ, बालोस, एलाफोनिसीची गुलाबी वाळू. लेकीला समुद्रात डुंबायचंय. जिथे बघावं तिथे लिहिलंय की भूमध्य समुद्रातली बेटं शरदात सर्वात छान. गाडी घ्यावी का? साबांच्या जेवणाचं काय? भरभरून लिहा.

हिशोबी

ताई, राग मानू नका, तुमच्या यादीवर काट मारतोय. 'शरदात छान' हे सप्टेंबर-ऑक्टोबरबद्दल लिहिलेलं असतं. तुम्ही जाताय नोव्हेंबरात.

समारिया घळ मे ते ऑक्टोबर उघडी, म्हणजे गेली. बालोसच्या बोटी ऑक्टोबरबरोबर संपतात, गेल्या. इराक्लिओहून सँतोरिनीची थेट जलद बोटही हंगामापुरतीच. नंतर अथेन्सच्या पिरेअस बंदराला वळसा घालून जायचं, ८ रात्रींत तो आतबट्ट्याचा व्यवहार. किनाऱ्यावरची हॉटेलंही बरीचशी कुलूपबंद.

आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो. पाणी २२-२३ अंश, दुपारी टोपी लागत होती, गर्दी नाही. शाळेत चिठ्ठी द्या आणि दसऱ्याआधी जाऊन या, एवढाच माझा सल्ला.

घाटवाट

समारियाबद्दल थोडं, कारण धागा पुढे कोणी ऑक्टोबरवालाही वाचेल. १६ किमी, ओमालोसच्या पठारावरून सुमारे १२०० मीटर खाली, थेट समुद्रापर्यंत. 'उतारच तर आहे' म्हणून आमच्यातल्या हरिश्चंद्रगडवाल्यांनी हॅ केलं आणि संध्याकाळी सगळे जिना उलटे उतरत होते. माझ्या पायाच्या दोन अंगठ्यांची नखं काळी पडून गेली. खाली आया रुमेली गावात पोचलात की रस्ता नाहीच. बोटीने सूया नाहीतर होरा स्फाकिओनला जायचं आणि तिथून बस. पाऊस आला की घळ हंगामातही बंद करतात, म्हणून पहिल्याच दिवशीचा बेत ठेवा, शेवटचा नको. साबांना घेऊन तर अजिबात नको, कुठल्याच महिन्यात.

इराक्लिओची_सून

मी इथे तीन वर्षं राहते (नवरा संशोधनात, मी घरून काम करते), त्यामुळे हिशोबींशी थोडं भांडते. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. फक्त नोव्हेंबर म्हणजे 'बंद दुकान' हे मला मान्य नाही. किनाऱ्याचं क्रीट मिटतं आणि गावांचं उघडतं.

पहिला पाऊस पडला की डोंगर हिरवे होतात, आपल्याकडच्या जूनसारखे. ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या, लांब दांड्याच्या यंत्रांची घरघर, आणि रस्त्यावर पोत्यांनी भरलेली छोटी पिकअप समोर आली की तुम्ही मागे रांगत जायचं. घाण्यावरचं ताजं तेल हिरवट असतं, घशाला झणका देतं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा खराब आहे असंच वाटलं होतं. आता जानेवारीपर्यंत तेच पुरवून वापरते.

याच दिवसांत राकी गाळतात. तिला इथे त्सिकुदिया म्हणतात. वाइनसाठी द्राक्षं पिळून उरलेला चोथा तांब्याच्या मोठ्या भांड्यात, खाली लाकडाची आच, शेजारी निखाऱ्यात बटाटे आणि वर डाळिंबाचे दाणे. याला कझानी म्हणतात. पिणारे नसाल तरी बटाट्यांसाठी जा. घरमालकाला विचारलंत तर तोच कुठेतरी घेऊन जाईल.

हवामान खरंखुरं सांगते: दिवसा साधारण २० अंश, कधी तीन दिवस ऊन तर कधी दोन दिवस झोडपणारा पाऊस. समुद्र अजून फार गार नसतो. लेक डुंबेल, साबा काठावर शाल घेऊन बसतील. घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे सरकतात, त्यामुळे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. बेत सकाळचे करा. आणि घर ठरवताना 'हीटिंग आहे का' हे एवढं एकच वाक्य नक्की विचारा. दगडी घरं रात्री फ्रिजसारखी होतात.

क्नोसोस वर्षभर उघडं असतं (हिवाळ्यात लवकर बंद होतं) आणि शहरातून जेमतेम ५ किमी आहे, साध्या बसने जा. आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० साली उत्खनन सुरू केलं आणि पुढे बरंच काही काँक्रीटने उभं केलं. ते लाल खांब त्याचेच. खरं कुठलं आणि इव्हान्सचं कुठलं, हे ओळखण्याचा खेळ सातवीतल्या मुलीला आवडेल. अस्सल भित्तिचित्रं मात्र इराक्लिओच्या पुरातत्त्व संग्रहालयात. फाइस्तोसची मातीची तबकडीही तिथेच, १९०८ साली सापडलेली, दोन्ही बाजूंनी गोल-गोल उमटवलेली चिन्हं, आजवर कोणाला वाचता आलेली नाही. ते पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा.

चक्रधर

गाडी घ्याच, गावांकडे जायचं तर बसची वारंवारिता नोव्हेंबरात घटते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. उजवीकडून चालवायचं. उत्तरेच्या मुख्य रस्त्यावर मागचा चिकटला की लोक अर्धी गाडी कडेच्या पट्ट्यावर घेऊन वाट देतात. तुम्हीही तेच करा, हॉर्नची गरज पडत नाही. मी एका भाड्याच्या गाडीवर आधीपासूनच्या ओरखड्याचे पैसे भरून आलोय. ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, छतासकट.

माठाची_भाजी

शाकाहारी बाईला क्रीटइतकं सोपं बेट दुसरं नाही. 'होर्ता' मागा: उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. उन्हाळ्यात 'व्लिता' मिळते, ती चक्क आपल्या माठाच्या कुळातली. पावसानंतर 'स्तामनागाथी' येते, कडसर, कारलं आवडणाऱ्यांनी घ्यावी. 'फावा' म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं गोळा वरण, मीठ आणि कच्चा कांदा बरोबर. 'दाकोस' हा बार्लीचा दगडासारखा टोस्ट टोमॅटोच्या रसात भिजवून वर मिझिथ्रा चीज. साबांचे दात असतील तरच.

सावध राहा: भरलेल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, सुपात अंडं फेटलेलं असतं. 'निस्तीसिमो' हा शब्द पाठ करा, म्हणजे उपासाला चालणारं. मांस नाही, अंडं नाही, दूधही नाही. कालवं-गोगलगायी मात्र त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं वेगळं विचारून घ्या!

पारिजातक_ठाणे

बापरे, वाखू (वाचनखूण) साठवतेय. शाळेला चिठ्ठी शक्य नाही, चाचणी परीक्षा आहे. सँतोरिनी आणि समारिया काढलं. रेथिम्नोला चार आणि इराक्लिओला चार रात्री कशा वाटतात? हानिया एका दिवसात, तिथलं व्हेनिसकालीन बंदर बघून परत. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काय करावं? साबा गप्प आहेत, पण त्यांना चुकल्यासारखं वाटणार हे दिसतंय.

हिशोबी

चार-चार उत्तम. व्हिसाचं आत्ताच बघा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा, फी मोठ्यांना ९० युरो. लेक १२ पूर्ण असेल तर तिचीही तेवढीच.

इराक्लिओची_सून

८ नोव्हेंबरला रेथिम्नोतच राहा. तिथून साधारण २३ किमीवर आर्कादीचा मठ आहे. १८६६ च्या नोव्हेंबरात ऑटोमन सैन्याने वेढा दिल्यावर आतल्या लोकांनी शरण न जाता बंदुकीच्या दारूच्या कोठाराला आग लावली; शेकडो माणसं गेली, बायका-मुलंही. दरवर्षी त्याच सुमारास तिथे स्मरण असतं, गर्दी असते, सकाळी लवकर पोचा. छप्पर उडालेलं ते कोठार अजून तसंच आहे.

संध्याकाळी घरी दिवे लावा. पणत्या आणू नका, फुटतील. इथे घराघरात संतांच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा तेवतो, त्याला कांदिली म्हणतात, आणि आपला कंदील त्याच शब्दाचा नातलग आहे. तरंगत्या वातींचं खोकं किराणा दुकानात मिळतं, तेल तर सगळीकडेच. साबांना दुकानात घेऊन जा, त्यांना स्वतःला निवडू दे.

पेढे-बर्फी मात्र आणू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. चकल्या चालतील. जास्तीच्या आणा, मी इराक्लिओत भेटते.

पारिजातक_ठाणे

साबांना वाचून दाखवलं. भाजणी किती किलो, एवढंच विचारलंय.