अनुभव धागा: दुरुस्तीनंतर गाडी पिकअपला दमते, शोध कुठून सुरू करावा?

गॅरेजमधून गाडी आली. आयडल छान, उभ्या गाडीत रेस दिली तरी छान. पण यवतेश्वरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन घुसमटतं, आवाज वाढतो, वेग वाढत नाही. सातारा-सांगलीकडच्या जाणकारांनी लिहावं: आधी काय बघायचं, कशाने, आणि आकडा किती. 'गॅरेज बदला' एवढंच उत्तर कृपया नको.

कराड
बिल समोर घ्या. जे उघडलं होतं आणि तिथे पोचायला जे बाजूला काढलं होतं, तिथूनच सुरुवात करा. पेट्रोल गाडीत बहुतेक काम एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप काढूनच होतं. त्या पाइपच्या घड्या बोटांनी फाकवून खालच्या बाजूने टॉर्च मारा. चीर असेल तर उभ्या गाडीत ती मिटलेली राहते; लोड आला की इंजिन माउंटिंगवर कलतं, चीर उघडते आणि एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी दमली. म्हणूनच गॅरेजच्या दारात दोष सापडत नाही. स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण पातळ) कोड येतो, किंवा लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये सतत करत असलेली दुरुस्ती, अधिक १० टक्क्यांच्या वर चढलेला दिसतो. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप अर्धवट बसली की सेन्सरच्या तोंडाशी हवा वाकडी जाते, तेही बघा.

प्लग बदलले असतील तर गॅप (ठिणगी पडते ती फट) मोजा. बऱ्याच गाड्यांना ०.८ ते १.१ मिमी लागतो, पण नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमधलाच धरा. पाना तिरका लागून चिनी मातीला बारीक तडा गेला असेल, तर आयडलला प्लग निभावतो आणि लोडवर मिस मारतो. पी०३०२ (दुसरा सिलिंडर मिस मारतो) आला असेल तर दोन आणि तीन नंबर सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. चेक लाइट लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

मिरज
त्याच्याही आधी, दोष इंजिनचाच आहे का ते ठरवा. ब्रेक पॅड किंवा हँडब्रेकचं काम झालं असेल, तर शक्यतो ब्रेक न लावता दहा-एक किलोमीटर चालवा आणि चारही चाकांजवळ हात धरून बघा (डिस्कला हात लावू नका). एकच चाक तापलं तर तिथला ब्रेक धरतो आहे, बहुतेक वेळा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन अडकलेली असते. पिनला ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते.

क्लच नवा असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला पूर्ण एक्सलेटर द्या. आरपीएम उडालं आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरते आहे. केबलचा क्लच असेल तर पेडलला थोडी मोकळीक हवीच.

विटा
डिझेलवाल्यांसाठी. काळा धूर, साधारण दोन हजार आरपीएमला 'सूऽऽ' आणि पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) असेल तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा होज बघा. आत तेलाचा हलका ओलावा चालतो. जोडावर बाहेरून तेलकट धूळ चिकटली असेल तर तिथूनच हवा फुटते. क्लॅम्प होजच्या काठावर नको, पाइपच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे. फिल्टर बदलल्यावर धूर नाही पण ओढ कमी असेल, तर फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या लाइनमध्ये हवा आहे. तिथे पारदर्शक नळी जोडून बुडबुडे बघा. कॉमन रेल इंजिन चालू असताना इंजेक्टरचा नट कधीही सैल करू नका. आत प्रेशर हजार बारच्याही वर जाऊ शकतं, डिझेलची ती धार कातडीत घुसते.

वाई
टायमिंग बेल्ट किंवा चेनचं काम झालं असेल तर इनटेकला व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारं मीटर) लावा. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच वजा करा. म्हणजे सातारा शहरात दोन-अडीच इंच कमी येणारच, त्यावरून इंजिन खोलायला घेऊ नका. काटा त्याहूनही खाली आणि स्थिर असेल तर टायमिंग एक दात मागे असू शकतं. २५०० आरपीएम धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सरची लाइन तुंबली आहे. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा तपासा. अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल.

कराड
एक राहिलं. गिअरबॉक्स उतरवला होता का? मग बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडला जाणारा भाग) बोल्टखालची अर्थची पट्टी परत लागली का ते बघा. सेल मारताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टीमीटर धरा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्चा आहे, सेन्सरचे आकडे त्यामुळेही हलतात. पट्टीखालचा रंग घासून मगच आवळा.